गॅरेजसाठी टूल चेस्ट निवडताना खणांपासून सुरुवात करा

टूल चेस्ट घ्यायचं ठरलं की नजर आधी जाते ती पेटीवर: रंग, रुंदी, चकचकीत मुठी, झाकण अलगद वर उचलणारे गॅसचे दांडे. पण पुढची दहा-पंधरा वर्षं आपला हात जाणार असतो तो खणात. खण उथळ आहे की खोल, भरल्यावर किती सहज सरकतो, पूर्ण बाहेर येतो की मागची वीतभर जागा आतच अडकून राहते, यावर ठरतं की पेटी वापरात राहील की तिच्यावर रंगाचे अर्धवट डबे साचतील. म्हणून इथे क्रम असा ठेवला आहे: आधी हत्यारं, मग खण, मग जागा, मग पेटी. रंग तुमचा तुम्ही बघा.

पहिली पायरी: सगळं एका चादरीवर

घरात जिथे जिथे हत्यारं आहेत तिथून ती गोळा करा. सगळी म्हणजे सगळी. गाडीच्या डिकीतला जॅकचा दांडा, स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमधला टेस्टर, बाल्कनीतल्या डब्यातले स्क्रू, शेजाऱ्यांकडे गेलेलं ड्रिलसुद्धा. जुनी चादर अंथरा आणि त्यावर ढीग लावा: वरचेवर लागणारं, अधूनमधून लागणारं, वर्षातून एखाद्या वेळी लागणारं, आणि ज्याचं नक्की काय करायचं हे कोणालाच माहीत नाही असं.

शेवटचा ढीग बहुधा सगळ्यात मोठा निघतो. दात झिजलेल्या कानशी, तोंड पसरलेले पाने, टोक गोल झालेले स्क्रू ड्रायव्हर हे सरळ मोडीत काढा. तोंड पसरलेला पाना फक्त जागा अडवत नाही, चांगल्या नटाचे कोपरेही खातो. एकाच मापाचे चार-चार पाने असतील तर एक-दोन ठेवा, बाकी कोणाला तरी द्या. स्नॅप-ऑन या हत्यारं बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीची सुरुवात १९२० साली ज्या कल्पनेवर झाली ती हीच: पाच मुठी आणि त्यांवर बसणारी दहा सॉकेट (नटावर चढणाऱ्या पोकळ नळ्या), म्हणजे पन्नास वेगळे पाने बाळगायला नकोत. सॉकेटचा एक धड संच घरात असेल तर जुन्या बॉक्स पान्यांचं गाठोडं सांभाळायचं कारण उरत नाही. पेटी विकत घेऊन भंगाराला नीटनेटकं घर देणं हा या व्यवहारातला सगळ्यात महाग प्रकार आहे.

उरलेल्या हत्यारांची विभागणी कामानुसार करायची की प्रकारानुसार, यावर हौशी मंडळींमध्ये बरीच हुज्जत चालते. माझं मत असं: जी हत्यारं गॅरेजच्या बाहेर जातात ती कामानुसार, जी गॅरेजातच वापरली जातात ती प्रकारानुसार. विजेचं काम पंख्याखाली किंवा स्विचबोर्डपाशी होतं, म्हणून टेस्टर, वायर स्ट्रिपर, इन्सुलेशन टेप, एक नोज प्लायर आणि दोन स्क्रू ड्रायव्हर एका हातात धरायच्या पेटीत. नळकामाचंही तसंच. उरलेले सगळे स्क्रू ड्रायव्हर एका खणात, सगळ्या पकडी दुसऱ्यात. यासाठी एखादा स्क्रू ड्रायव्हर दोनदा घ्यावा लागला तर खुशाल घ्या.

दुसरी पायरी: क्षेत्रफळ मोजा

हे जवळजवळ कोणी करत नाही, आणि सगळ्यात जास्त उपयोग याचाच होतो. प्रत्येक ढीग चादरीवर एकेरी थरात पसरा, खणात जसा ठेवाल तसाच. दोन पान्यांमध्ये बोट जाईल एवढी जागा सोडा. मग त्या पसाऱ्याची लांबी, रुंदी आणि त्यातल्या सगळ्यात जाड वस्तूची उंची टेपने मोजून कागदावर लिहा. उदाहरणार्थ, पाने ६० बाय ४० सेंटीमीटर, जाडी २ सेंटीमीटर. स्क्रू ड्रायव्हर ५० बाय ३०, जाडी ४. असं सगळं.

समजा, उथळ खणात मावणाऱ्या हत्यारांची बेरीज दीड चौरस मीटर आली. पुढे येणाऱ्या हत्यारांसाठी त्यात तिसरा हिस्सा आणखी मिळवा, म्हणजे दोन चौरस मीटर झाले. आता ४२ इंची कॅबिनेटकडे, म्हणजे जमिनीवर ठेवायच्या खणांच्या मोठ्या पेटीकडे बघा. बाहेरून रुंदी साधारण १०७ सेंटीमीटर, पण खणाच्या आतली मोकळी रुंदी ९७ च्या आसपास. खोली बाहेरून १८ इंच, म्हणजे ४६ सेंटीमीटर, आणि आतून ४० च्या जवळपास. एका खणाचं क्षेत्रफळ झालं ०.३९ चौरस मीटर. दोनाला ०.३९ ने भागलं की पाचाच्या थोडं वर, म्हणजे सहा उथळ खण. आता तुम्हाला आकडा माहीत आहे. जाहिरातीत ‘१५ खणांची भव्य कॅबिनेट’ असं लिहिलेलं असलं तरी त्यातले उथळ आणि पूर्ण रुंदीचे किती, एवढंच विचारायचं.

बाहेरची मापं आणि आतली मापं यांतला हा फरक दरवेळी तपासा. खोक्यावर जी मापं छापतात ती बाहेरची असतात, आणि कधी कधी तर बाजूची मूठ आणि चाकं धरून.

सगळ्यात लांब हत्यार वेगळं मोजा. ६०० मिलीमीटरची पाणसळ किंवा तेवढाच लांब ब्रेकर बार (घट्ट नट सोडवायचा दांडा) असेल, तर २६-२७ इंची कॅबिनेटच्या खणात तो सरळ बसत नाही, कारण आतली रुंदी बहुधा ५७-५८ सेंटीमीटरच असते. तिरका ठेवला की अख्खा खण वाया. मोठी करवत, लांब पाइप पाना यांच्यासाठी पेटी मोठी करू नका, ती भिंतीवर टांगा.

तिसरी पायरी: खणांची उंची ठरवा

घरच्या गॅरेजात बहुतेक हातहत्यारं ५ सेंटीमीटरपेक्षा कमी जाडीची असतात. पाने, पकडी, स्क्रू ड्रायव्हर, कानशी, एलन की, पटाशा, गुण्या, टेप, व्हर्निअर, आडवी ठेवलेली साधी हातोडी, सगळं त्यात आलं. म्हणजे खणांपैकी निम्म्याहून जास्त उथळ हवेत. पण दुकानातल्या स्वस्त पेट्यांमध्ये नेमकं उलट असतं: चार-पाच खोल खण. कारण साधं आहे. खण कमी म्हणजे चॅनेल (खण ज्यांवर सरकतो त्या पट्ट्या) कमी, आणि उत्पादकाचा खर्च चॅनेलवर होतो.

खोल खणात हत्यारांचे थर होतात. हवं ते नेहमी तळाशी असतं, ते काढताना वरचं विस्कटतं, आणि महिनाभरात खणाचं पोतं होतं. उथळ खण उघडला की एका नजरेत सगळं दिसतं.

साधारण वाटणी अशी धरा:

५ सेंटीमीटर: पाने, स्क्रू ड्रायव्हर, पकडी, कानशी, मोजमापाची हत्यारं, पाव इंची ड्राइव्हची (म्हणजे मूठ बसते त्या चौकोनी भोकाच्या मापाची) सॉकेट.

७ ते ८ सेंटीमीटर: ३/८ आणि अर्धा इंची ड्राइव्हची सॉकेट, रॅचेट (सॉकेट एकाच दिशेने फिरवणारी मूठ), ड्रिल बिटच्या पेट्या, जाड मुठीची हत्यारं. अर्धा इंची ड्राइव्हची लांब सॉकेट स्वतःच जवळपास ८ सेंटीमीटर उंच असतात, तेव्हा ती उभी ठेवायची असतील तर हा खण पुरणार नाही, आडवी ठेवावी लागतील.

१० ते १५ सेंटीमीटर: बॅटरीवर चालणारं ड्रिल आडवं, रबरी हातोडा, रिव्हेट गन, क्लॅम्प.

२० सेंटीमीटरच्या पुढे: ग्राइंडर, गोल करवत, त्यांच्या वायरींसकट. असा एक खण पुरतो, फार तर दोन.

खणाच्या दर्शनी पट्टीची उंची आणि आतली मोकळी उंची एक नसते हेही लक्षात ठेवा. ७५ मिलीमीटरची पट्टी दिसली तरी वरच्या चौकटीला न घासता आत मावणारी वस्तू ५५-६० मिलीमीटरचीच असू शकते. दुकानात जाताना खिशात टेप आणि तुमचं सगळ्यात उंच सॉकेट असू द्या. सॉकेट खणात उभं करून खण बंद करून बघायला कोणी हरकत घेत नाही.

चौथी पायरी: जागा, गाडी आत असताना

रिकाम्या गॅरेजात सगळंच मावतं. गाडी नेहमीच्या जागी लावा, तिचे दरवाजे उघडा, आणि मग उरलेल्या जमिनीवर मास्किंग टेपने पेटीचा आकार आखा. कॅबिनेटची खोली ४६ सेंटीमीटर, पूर्ण उघडलेला खण ४०, आणि समोर उभं राहून वाकणाऱ्या माणसाला ६०: भिंतीपासून जवळजवळ दीड मीटर लागतो. एवढी जागा नसेल तर पेटी गाडीच्या पुढच्या बाजूच्या भिंतीला लावता येते का बघा, किंवा काम करताना गाडी बाहेर काढायची हे मान्य करून टाका. आखलेली टेप चार-पाच दिवस तशीच राहू द्या. ती ओलांडून जाताना घरातल्यांची कटकट झाली की जागा चुकली हे लगेच कळतं.

डोकं वर करूनही बघा. वर सरकणारं शटर उघडल्यावर छताखाली आडवं येतं, आणि टॉप चेस्टचं, म्हणजे कॅबिनेटवर ठेवायच्या पेटीचं, झाकण उघडायला आणखी हात-दीड हात उंची लागते. दोघांची गाठ पडायला नको.

जमिनीचा उतार बहुतेकांच्या लक्षात येत नाही. गॅरेजची फरशी पाणी बाहेर जावं म्हणून दरवाजाकडे किंचित उतरती ठेवलेली असते. पेटीचं तोंड उताराच्या दिशेला आलं तर छऱ्यांच्या चॅनेलवरचे भरलेले खण आपोआप पुढे सरकतात, आणि मग पेटी स्वतःच पुढे कललेली असते. जमल्यास पेटी अशी लावा की खण उताराला आडवे किंवा चढाकडे उघडतील. नाहीच जमलं तर खणाला बंद स्थितीत धरून ठेवणारा खटका असलेलीच पेटी घ्या. एक गोटी जमिनीवर ठेवली की उतार कुठे आहे ते समजतं.

आणि पेटी आत कशी येणार? ५२ इंची रिकामं कॅबिनेट शंभर किलोच्या पुढे सहज जातं. वाटेतल्या दरवाज्याची रुंदी, पायऱ्या, वळणं आधी बघून ठेवा, आणि उतरवायला दोन धडधाकट माणसं सांगून ठेवा.

पाचवी पायरी: पेटीचा प्रकार

हातात धरायची पेटी प्रत्येक घरात एक असावीच, मुख्य साठा कुठेही असो. एकावर एक अडकवायच्या प्लॅस्टिकच्या पेट्या ज्याचं काम घराबाहेर चालतं त्याच्यासाठी उत्तम, पण गॅरेजात त्या वैताग आणतात, कारण हवी ती पेटी हमखास सगळ्यात खाली असते.

खरी निवड तीन प्रकारांत आहे. टॉप चेस्ट म्हणजे बिनचाकांची, वर झाकण असलेली पेटी, जी ओट्यावर किंवा कॅबिनेटवर बसते. रोलर कॅबिनेट म्हणजे चाकांचं, जमिनीवरचं, मोठ्या खणांचं. आणि तिसरा प्रकार चालता ओटा: रोलर कॅबिनेटच्याच वर जाड लाकडी फळी. ज्यांच्याकडे कामाचा ओटा वेगळा नाही त्यांनी तिसऱ्याकडे गंभीरपणे बघावं. गॅरेजात मोकळा सपाट पृष्ठभाग नेहमी कमी पडतो. लाकडावर सुटे भाग ठेवले तरी ओरखडे पडत नाहीत, आणि छोटा व्हाइसही बसवता येतो.

टॉप चेस्ट आणि कॅबिनेटची जोडी दिसायला भारदस्त असते, पण उंचीचा हिशोब चुकतो. सगळ्यात वरचा खण उघडल्यावर त्याचा तळ तुम्हाला उभ्याने दिसला पाहिजे. खण डोळ्यांच्या रेषेत आला तर आत चाचपडत शोधावं लागतं. घरात कमी उंचीची माणसंही ही पेटी वापरणार असतील तर माप त्यांच्या डोळ्यांचं घ्या.

सुरुवातीला जागेत बसेल तेवढं रुंद एक रोलर कॅबिनेट घ्यावं आणि टॉप चेस्ट गरज पडल्यावर, असं मी सुचवेन. मात्र पुढे जोडी जुळेल याची खात्री आधीच करा. वेगवेगळ्या कंपन्यांच्या ४२ इंची पेट्यांची खोली वेगळी असते, आणि १८ इंच खोल कॅबिनेटवर २२ इंच खोल चेस्ट बसवून चालत नाही. रुंद आणि बुटकं, अरुंद आणि उंच यांत निवडायचं झालं तर रुंद घ्या. लांब हत्यारं बसतात आणि पेटी कलंडायचा धोका कमी होतो.

लाकडी पेट्यांचं एक वेगळंच जग आहे. अमेरिकेत ओहायोमधल्या डेटन इथे गर्स्टनर कंपनी १९०६ पासून यंत्रकारागिरांसाठी फेल्टचं अस्तर लावलेल्या लाकडी पेट्या बनवते. मायक्रोमीटर आणि डायलसारख्या नाजूक मापनसाधनांना त्या शोभतात. पण लाकूड कोणतं हे पाहावं लागतं, कारण ओकसारख्या लाकडातून सुटणारी आम्लाची वाफ बंद पेटीत धातूला गंज आणते. रोजच्या दणक्याच्या कामाला पोलादी पेटीच बरी.

सहावी पायरी: दुकानात काय तपासायचं

पत्र्याची जाडी गेजमध्ये सांगतात, आणि आकडा वाढला की पत्रा पातळ होतो. १८ गेज म्हणजे सुमारे १.२ मिलीमीटर, २० गेज ०.९, २२ गेज ०.७६, २४ गेज ०.६. घरच्या वापराला २० गेजची चौकट पुरेशी. ‘१८ गेज’ असा शिक्का असला तरी विचारा, कशाचा? कधी फक्त चौकटीचा पत्रा तेवढा असतो आणि खणांचा तळ बराच पातळ असतो. खण उपसून तळाच्या मध्यावर अंगठ्याने दाबा. पत्रा टपकन आत जाऊन परत वर आला तर भरलेल्या पान्यांखाली तो झोळ धरणार. मागचा पत्राही बघा, कारण बचत केलेली असते ती तिथे.

चॅनेल मात्र निवांत तपासा. साधं घासत सरकणारं चॅनेल हलक्या पेटीत चालतं, भरलेल्या रुंद खणात नाही. छऱ्यांचं चॅनेल हवं, आणि खण पूर्ण बाहेर येणारं हवं. खण टोकापर्यंत ओढा. दर्शनी पट्टी मधोमध धरून हलकेच वर-खाली, मग डावी-उजवीकडे हलवा. थोडी हालचाल असतेच, पण खडखडाट नको. मग खण एका कोपऱ्यावर बोट ठेवून, फक्त त्या कोपऱ्यातूनच आत ढकला. चांगला खण किंचित कुरकुरून सरळ आत जातो. वाईट खण अर्ध्यावर तिरका होऊन अडकतो. रिकामाच अडकत असेल तर तीस किलो भरल्यावर काय होईल ते सांगायला नको. काम करताना दुसऱ्या हातात काहीतरी असतं, म्हणून आपण खण नेहमी एकाच बाजूने ढकलतो, आणि म्हणून ही कसोटी महत्त्वाची.

चॅनेलच्या जोडीची वजनाची मर्यादा चांगल्या पेट्यांमध्ये ४५ किलोच्या आसपास असते. मीटरभर रुंद खण पान्यांनी आणि सॉकेटनी भरला तर तीस-चाळीस किलो सहज होतात, तेव्हा ही मर्यादा चैनीची नाही. ग्राइंडर वगैरेंच्या सगळ्यात खालच्या खणाला दोन्ही बाजूंनी दुहेरी चॅनेल असलं तर उत्तम. चॅनेल स्क्रूने बसवलेलं आहे का हेही पाहून घ्या. बिघडलं तर एकटं बदलता येतं, वेल्डिंग केलेलं असलं तर खण गेला.

चाकं. पेटीचं वजन अधिक सगळ्या हत्यारांचं वजन, भागिले तीन, एवढा भार प्रत्येक चाकाने उचलला पाहिजे. चाकं चार असतात, पण खडबडीत फरशीवर एखादं अधांतरी राहतं आणि सगळा भार तिघांवर येतो. १२५ मिलीमीटर व्यासाचं चाक फरशीच्या भेगा आणि इकडेतिकडे पडलेले नट सहज ओलांडतं. लहान चाक खड्यालासुद्धा अडतं, आणि वरून माणूस ढकलत असतो. नेहमीची रचना दोन स्थिर आणि दोन ब्रेकसह फिरती, ती सरळ नेताना ताब्यात राहते. चिंचोळ्या जागेत पेटी आडवी सरकवायची असेल तर चारही फिरती बरी, पण मग ब्रेक किमान दोघांना हवेत. पेटी हलवताना खण कुलूपबंद करा आणि ढकला, ओढू नका. ओढताना ती अंगावर येते.

कुलपाबद्दल एवढंच: पातळ पत्र्यामागचं कुलूप चोराला थोपवत नाही. त्याचं काम मुलांना पटाशीपासून लांब ठेवणं आणि पेटी हलवताना खण बंद ठेवणं. किल्ल्या दोन मिळतात, त्यातली एक पेटीच्या बाहेर दुसरीकडे ठेवायची हे सांगावंसं वाटतं, कारण लोक दोन्ही वरच्या खणात टाकतात.

स्पीकर, दिवे, बाटली उघडायचं यंत्र, थंड पेयांचा कप्पा असलेल्या पेट्याही मिळतात. त्या पैशांत एक चांगला चॅनेलवाला खण जास्त येत असेल तर तो घ्यावा. याला एक अपवाद म्हणजे पेटीच्या मागे किंवा बाजूला बसवलेली विजेची पट्टी, ती खरोखर उपयोगी पडते. पण लिथियम बॅटऱ्या बंद खणात चार्ज करू नका. चार्जर तापतो, त्याला हवा लागते, आणि आजूबाजूला तेलकट चिंध्या असतात. चार्जर पेटीच्या माथ्यावर, उघड्यावर.

वापरलेली पेटी घ्यायला हरकत नाही, उलट जुन्या पेट्यांचा पत्रा बऱ्याचदा जाड असतो. रंग उडालेला चालतो. मागचे आणि तळाचे सांधे गंजलेले, चौकट एका अंगाला झुकलेली, किंवा खण एकमेकांना घासत असलेले चालत नाहीत. चौकट सरळ आहे का हे बघायला दूर उभं राहून खणांमधल्या फटी बघा. फट एका टोकाला रुंद आणि दुसऱ्याला बारीक दिसली की पेटी कधीतरी पडलेली आहे.

सातवी पायरी: कलंडणार नाही अशी मांडणी

भरलेली पेटी कलंडणं हा यातला खरा अपघात. एक जड खण पूर्ण बाहेर आला की पेटीचा गुरुत्वमध्य पुढच्या चाकांकडे सरकतो. दोन-तीन एकदम उघडले की तो चाकांच्याही पुढे जातो, आणि मग दोनेकशे किलोचं वजन अडवायला माणसाचे हात पुरत नाहीत. काही पेट्यांना एका वेळी एकच खण उघडू देणारी यंत्रणा असते. घरात लहान मुलं असतील तर तिच्यासाठी जास्त पैसे द्यावेत. मुलं खणांची शिडी करून चढतात. नसेल तर पेटी भिंतीला पट्टीने किंवा कोनाने जखडा. चाकं असली तरी घरची पेटी वर्षातून किती वेळा हलते?

भरताना खालून सुरुवात करा. ग्राइंडर, मोठी सॉकेट, जॅकचे भाग तळाच्या खणात. वरचेवर लागणारं कंबर ते छाती या पट्ट्यात. अगदी वर हलकं सामान: मापनसाधनं, मार्कर, हातमोजे. एका खणात एकच कुटुंब. सॉकेटच्या खणात मुठी आणि रॅचेट पुढच्या ओळीत, मागे सॉकेट मापांच्या चढत्या क्रमाने, मेट्रिक आणि इंची स्वतंत्र पट्ट्यांवर, शक्यतो दोन वेगळ्या रंगांच्या. १३ मिलीमीटर आणि अर्धा इंच यांत फरक फक्त ०.३ मिलीमीटरचा आहे, हातात घेऊन कळत नाही, नट खराब झाल्यावर कळतो.

तळाला रबरी मॅट घाला, नाहीतर खण ढकलला की सगळं मागच्या भिंतीवर जाऊन आदळतं. हत्याराच्या आकाराचे खळगे कापलेला दोन रंगी फोम दिसायला सुंदर असतो. विमानांच्या देखभालीत तो सक्तीचा वाटावा इतका वापरतात, कारण रिकामा खळगा लगेच दिसतो आणि एखादा पाना इंजिनात राहिला असेल तर तो उड्डाणाआधी सापडतो. घरी मात्र फोम घाईने कापू नका. नवीन हत्यार आलं की खळगा जुळत नाही. आधी काही महिने सरकवता येणाऱ्या विभाजक पट्ट्या वापरा, मांडणी बसली की मग फक्त न बदलणाऱ्या संचांसाठी फोम.

नट, बोल्ट, वॉशर, खिळे यांना टूल चेस्टमध्ये जागा देऊ नका. ते वजन खूप करतात आणि पसरतात. त्यांच्यासाठी भिंतीवर पारदर्शक लहान डबे.

गंज

हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की उघड्या पोलादावर गंज झपाट्याने चढू लागतो, आणि पेटी म्हणजे काही हवाबंद डबा नाही. थंड रात्रीनंतर सकाळी दमट उबदार हवा आत आली की गार हत्यारांवर दव धरतं. घामट हाताने धरलेल्या कानशीवर दोन दिवसांत बोटांचे ठसे तांबूस होऊन उमटलेले दिसतात. वापरून झाल्यावर तेलाच्या फडक्याने पुसणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. त्यापलीकडे, गंजरोधक वाफ सोडणारा कागद खणाच्या तळाशी घालता येतो. बंद खणातच तो काम करतो आणि ठरावीक काळाने बदलावा लागतो. सिलिका जेलच्या पुड्या लहान बंद डब्यात ठीक, खणात त्या लवकर थकतात.

फरशी साफ करायचं आम्ल, पोहण्याच्या तलावासाठीचं क्लोरीन, गाडीची जुनी बॅटरी हे पेटीजवळ नकोच, पेटीच्या आत तर नाहीच. झाकण घट्ट असलं तरी वाफ सुटते आणि आख्ख्या गॅरेजातली हत्यारं गंजतात. कारण न कळता सगळं एकदम तांबूस व्हायला लागलं तर आधी अशी बाटली शोधा. पेट्रोलचा डबाही वेगळा, ठिणग्यांपासून लांब.

टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोराइतकंच आवळायचा पाना) ठेवताना त्याचा स्प्रिंग मोकळा सोडा, म्हणजे खटका वाजणाऱ्या रेंचवर मापपट्टीतलं सगळ्यात कमी माप लावा, पण त्याच्याही खाली फिरवू नका. आणि तो त्याच्या स्वतःच्या डबीत, हातोड्यांच्या खणात नाही.

वर्षातून एकदा खण उपसून चॅनेल कोरड्या ब्रशने झाडा आणि छऱ्यांना पातळसं ग्रीस लावा. गंज सोडवायचा पातळ स्प्रे इथे मारू नका, तो मूळचं ग्रीस धुऊन टाकतो आणि लाकडाचा भुसा धरून ठेवतो. त्याच दिवशी चाकांचे बोल्ट आवळा, आणि ज्या खणाला वर्षभर हात लागला नाही तो कशाने भरला आहे ते बघून घ्या. तसा खण निघाला तर नवीन टॉप चेस्ट तूर्त लांबणीवर टाकता येते.